जीपचा छोटा गियर

त्या बाईचं नाव मी विचारलंच नाही. परतवाड्याला तिची एसटी चुकली, म्हणून ती माझ्या जुन्या जीपमध्ये पुढे बसली होती. मागे माझी आई झोपली होती. चिखलदऱ्याच्या घाटात इंजिन तापलं. हँडब्रेक ढिला, म्हणून गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवून मी पाणी घालायला उतरलो. बॉनेट उघडतो तोच जीप मागे सरकू लागली. मागे दरी होती.

त्या बाईने पाय लांबवून ब्रेक दाबला. जीप थांबली.

तिची पिशवी कलंडून मोठ्या गियरशेजारचा फोर-व्हीलचा छोटा गियर न्यूट्रलला ढकलला गेला होता.

"आमच्या ट्रॅक्टरलेबी असाच हाये भाऊ," ती म्हणाली. "हा न्यूट्रल झाला का मोठा गियर टाकूनबी चाकं मोकळीच."

"भीती नाही वाटली?"

"वाटून राहिली ना अजून! मनून तर पाय काढून नाही राहिली. तुमी पयले चाकाले दगड लावा."

मी दगड लावले, तरी तिने पाय काढला नाही. आई उतरून रस्त्याच्या कडेला बसली, तेव्हाच काढला.