टेबलाचं लांबचं टोक

थोरलीच्या स्वयंपाकघरात गव्हाला चोराची वागणूक मिळे. तिची मुलगी टिटवी (तान्ही असताना किंचाळून घर डोक्यावर घ्यायची, तेव्हापासून हेच नाव) गव्हाचा कण पोटात गेला तरी अंथरूण धरायची. गहू-जवातलं ग्लूटेन बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच संध्याकाळी थोरलीने कणीक, रवा, मैदा, शेवया सगळं घराबाहेर काढलं. चाळण नवी, पोळपाट नवा, झारासुद्धा नवा. चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचं काम होतं तिचं. काचेवरचा केसाएवढा ओरखडा तिला दिसायचा, आणि त्याच नजरेने ती घरातला प्रत्येक डबा तपासायची.

घर ज्यूंचं, आणि सासऱ्यांच्या काळापासून शाकाहारी. त्यामुळे ज्यूंच्या नियमाप्रमाणे दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी, ही कटकट तिथे नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "देवाने एक कटकट वाचवली आणि दुसरी हिच्या पदरात घातली." टिटवीच्या पाठचे दोघे जुळे भाऊ, रांगतं शेंडेफळ, लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर वेळी-अवेळी पळणारा नवरा आणि गुडघे धरून बसलेल्या सासूबाई, एवढ्या सगळ्यांची पोटं ती तांदूळ, ज्वारी, डाळी, बटाटे यांवर भरत होती. आणि कुणी कुरकुरलं तर म्हणत होती, "हॉटेल समोरच आहे, जा."

एकाच गोष्टीपुढे तिचं काही चालत नव्हतं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे शनिवारी तारे दिसेपर्यंतचा विसाव्याचा दिवस, सुरू. मेणबत्त्या लावायच्या, सगळ्यांनी टेबलाशी बसायचं, आणि कापडाखाली झाकलेल्या दोन पावांवर नवऱ्याने प्रार्थना म्हणून तुकडा मोडून सगळ्यांना द्यायचा. पण पावाची ती प्रार्थना ठरावीक धान्यांच्या पावावरच म्हणता येते. गहू चालतो, जव चालतो. तांदूळ नाही, ज्वारी नाही. तांदळाचा पाव कितीही फुगला तरी त्या प्रार्थनेच्या लेखी तो पाव नव्हेच. म्हणून आठवड्यातून एकदा बेकरीतले वेणी घातलेले दोन गव्हाचे पाव घरात यायचे. ते नवऱ्यासमोर, टेबलाच्या वरच्या टोकाला. आणि टिटवी खालच्या टोकाला, जिथे चुरा उडणार नाही. तिची ताटली वेगळी, तिची प्रार्थना वेगळी.

थोरलीही तिथेच बसायची, लेकीच्या शेजारी. वर गलका चालायचा आणि खाली ह्या दोघींचं वेगळंच राज्य. बाबांच्या दाढीत अडकलेला पावाचा तुकडा कितव्या प्रार्थनेला पडतो यावर पैजा, टेबलाखाली पायावर पाय. तांदळाच्या पावाला टिटवी "आपली वीट" म्हणायची. "आई, आज आपली वीट मऊ झाली गं!" लेकीला लांब बसावं लागतं याचं थोरलीला वाईट वाटायचं. पण ते टोक तिला आवडायचं, हेही खरं होतं. तेवढं मात्र तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग दिराचं लग्न झालं आणि वरच्या मजल्यावर धाकटी आली.

धाकटी दिसायला गोड, बोलायला गोड, आणि हात असा की नुसता भात टाकला तरी जिन्यात वास दरवळायचा. तिने पहिले काही शुक्रवार सगळं बघून घेतलं, आणि एका शुक्रवारी खाली आली ती कापडाखाली दोन पाव घेऊनच.

"ताई, हे ओट्सचे आहेत. गव्हाचा स्पर्श न झालेले ओट्स मिळतात. त्यांचं शेत वेगळं, गिरणी वेगळी. ओट्स त्या धान्यांत बसतात ना, म्हणजे प्रार्थना चालते! वेणी काही घालता येत नाही, पिठाला चिकटपणाच नाही. म्हणून वेणीच्या साच्यात भाजले. आणि बांधायला थोडं इसबगोल."

"इसबगोल?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे उद्या सकाळी सगळ्यांचीच सोय!"

सगळे हसले. नवऱ्याने प्रार्थना म्हटली, पाव मोडला आणि पहिला तुकडा टिटवीला दिला. टिटवी उठून बाबांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली होती. तिने तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, "काकू, हा तर खराखुरा पाव आहे!"

खालच्या टोकाला थोरली एकटी उरली. समोर तिची वीट. विटेला कुणी हात लावला नाही.

त्या दिवसापासून थोरली मनात एकच घोकत राहिली. एवढी वर्षं डोळ्यांत तेल घालून मी सांभाळलं, आणि ही बया एका संध्याकाळी येऊन लेक घेऊन गेली. ओट्सचं मला का नाही सुचलं? शाळेतून आली की टिटवी दप्तर खाली टाकून वर पळायची. "काकूने डोसे केलेत." "काकूने बटाट्याचं थालीपीठ लावलंय." एकदा तर म्हणाली, "आई, तू काकूला विचार ना, तुझं असं कोरडं का होतं ते." थोरलीने कढईवर झारा असा आपटला की शेंडेफळ रडायला लागलं.

एकदा गुपचूप तिने स्वतः ओट्सचा पाव करून पाहिला. बाहेरून करपला, आतून चिखल झाला. तिने तो कागदात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी घातला. आणि मग एक विचार तिच्या मनात आला, तिला नको असताना आला. त्या ओट्सनी टिटवीचं पोट एकदा, अगदी थोडंसं, दुखावं. थोडंसंच. म्हणजे कळेल सगळ्यांना. लगेच तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतली. पण विचार आला तो आलाच.

पुढच्या गुरुवारी धाकटी दारात आली. "ताई, तुमची खड्या हिंगाची डबी नेऊ का? माझा संपलाय."

"ने," थोरली म्हणाली. एवढंच राहिलं होतं न्यायचं, हे मनात.

शुक्रवारी ती दुकानातून उशिरा सुटली. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून दुपारच्या जेवणाची मसूर-राजमा-बटाट्याची हंडी सूर्यास्ताआधी शिजवून रात्रभर तापत्या तव्यावर ठेवायची असते. मसूर शिजले, फोडणी द्यायची वेळ आली, आणि हिंग नाही. वर जाऊन मागायचा? जिना चढायला पायच उचलेना. तिने नवऱ्याला फोन केला, "येताना हिंग आणा."

तो धापा टाकत आला आणि डबी ओट्यावर ठेवली. वरून ओट्सच्या पावाचा खमंग वास जिन्याने उतरत होता. जुळे एका टॉवेलसाठी भांडत होते. सासूबाई ओरडत होत्या, "अगं, मेणबत्त्या! ऊन गेलं!" थोरलीचे कान आणि नाक वरच्या मजल्यावर होते, हात खाली. हाताने चिमूट घेतली, फोडणीत टाकली, हंडी तव्यावर चढवली आणि मेणबत्त्या लावल्या.

शनिवारी दुपारी हंडी उघडली. टिटवीने दोनदा वाढून घेतलं. थोरलीने वरच्या टोकाला बसलेल्या धाकटीकडे एक नजर टाकली. बघ म्हणावं. ऊन उतरायच्या आत टिटवी पोट धरून गुडघ्यांत मान घालून बसली होती, कपाळावर घाम आणि तोंड पांढरं.

आणि थोरलीला, पोरीला कुशीत घेताना, एक क्षण बरं वाटलं.

मग ती वर गेली. "मी म्हटलंच होतं," ती म्हणाली. तिने असं काही कधी म्हटलं नव्हतं. "तुझे ओट्स! लोकांच्या पोरांवर प्रयोग करायचे. पोर माझी आहे, काही झालं तर निस्तरायचं मी!"

"ताई, इतके शुक्रवार खाल्ले तिने, कधी काही..." धाकटीचा आवाज फुटला. "नाही करणार. पुन्हा नाही करणार."

"नकोच करूस."

खाली टिटवी कुशीवर वळून विचारत होती, "म्हणजे आता मी परत खाली बसायचं?"

"हो. माझ्याजवळ," थोरली म्हणाली. टिटवीने पांघरूण ओढून घेतलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तारे दिसले, शब्बाथ संपला. थोरलीने दिवा लावून ओटा आवरायला घेतला. हिंगाची डबी जागेवर ठेवताना झाकण निसटलं आणि बोटांना पिवळी पूड लागली. पूड. मऊ, पिठूळ. तिने बोटं चोळली. खडा नव्हता. पुडीतल्या हिंगात पीठच जास्त असतं, गव्हाचं. हे तिनेच अख्ख्या घराला शिकवलं होतं. म्हणून तर तिची खड्याची डबी वेगळी असायची.

ती तशीच उभी राहिली. कुणाला कळणार नव्हतं. नवऱ्याला हिंग म्हणजे हिंग, एवढंच ठाऊक. डबी उद्या कचऱ्यात गेली असती, पाव बंद झाले असते, आणि शुक्रवारी टिटवी परत तिच्या शेजारी बसली असती. आतून पलंगाची करकर ऐकू आली. पोर अजून भिंतीकडेच तोंड करून होती.

तिने डबी उचलली आणि जिना चढली.

धाकटीने दार उघडलं. डोळे सुजलेले. थोरलीने डबी तिच्या हातात दिली. "बघ."

धाकटीने पूड चिमटीत धरली, वास घेतला. तिला कळायला वेळ लागला नाही. "ताई, हंडीत?"

"हंडीत. मीच घातला. तुझ्याकडे डबी मागायला आले नाही म्हणून." थोरली जिन्याकडे वळली, मग परत फिरली. "आणि जे बोलले ते बोलले. सगळ्यांसमोर सांगते उद्या. तू रडू नकोस आता, मला रडणारी माणसं सहन होत नाहीत."

"मग पाव?"

"कर. टिटवीचं पोट नीट बरं झालं की कर. पण माझ्या ओव्हनमध्ये. तुझ्या साच्यात काय काय भाजलं असशील, मला काय माहीत."

"नवा साचा आहे, ताई."

"तरी."

तिसऱ्या शुक्रवारी टिटवी पुन्हा बाबांच्या शेजारी बसली. पाव मोडला गेला. टिटवी हात हलवत म्हणाली, "आई, इकडे ये ना! तिथे काय एकटी बसलीस?"

"इथे मेणबत्तीची धग लागत नाही," थोरली म्हणाली. धाकटीच तुकडा घेऊन टेबलाच्या कडेने खालच्या टोकाला आली आणि ताटलीत ठेवून उभी राहिली. थोरलीने तो तोंडात घातला. वरून खुसखुशीत, आत लुसलुशीत. जिभेवर विरघळला मेला. तिने सावकाश गिळला.

"मीठ जरा कमी पडलंय," ती म्हणाली, आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.