बिनपाण्याचा कूलर

दिगंबरकाका कुणाच्या घरी गेले की आधी दार ठोकत आणि आत शिरले की कपाट ठोकत. नमस्कार वगैरे त्यानंतर. बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचं, कान जवळ न्यायचा आणि निकाल द्यायचा. मी हैदराबादेत, बरकतपुऱ्यात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले, तेव्हा पुण्याहून हौसेने आणलेल्या माझ्या टेबलावर टकटक करून ते म्हणाले, "भुसा आहे बेटा. वर कागद, आत भुसा. पुण्यात सागवान संपलं की काय?" मला राग आला. पहिल्याच पावसाळ्यात टेबलाचा एक कोपरा फुगून वर आला. त्यानंतर काका वर आले की त्या कोपऱ्याकडे मन लावून बघत आणि एक अक्षर बोलत नसत. त्याचा मला जास्त राग येई.

काकांची हयात कूलर बनवण्यात गेली. अंबरपेठेत त्यांचं दुकान होतं. पत्र्याची चौकट, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, पुढे पंखा, असा त्यांचा माल. दुकान बंद करून पाच वर्षं झाली होती, तरी हत्यारं मागच्या पडवीत तेल लावून ठेवलेली असत आणि मार्च लागला की जुनी गिऱ्हाईकं वाळा बदलून घ्यायला घर शोधत येत. "आख्खं चिक्कडपल्ली मी थंड ठेवलं," असं ते सांगत, आणि ते खोटं नसावं. एसीवर त्यांचा दात होता. "एसीची थंडी म्हणजे दवाखान्याची थंडी. थंडीला वास पाहिजे बेटा, वास!" माझ्या झोपण्याच्या खोलीत मी एसी बसवला, तेव्हा त्यांनी भिंतीला भोक पाडायची परवानगी दिली, पण भोक पाडताना ते गच्चीवर जाऊन बसले.

अशा माणसाच्या घरात मी चिंचिला आणला. खरं तर मी आणला नाही, तो माझ्या गळ्यात पडला. ऑफिसातली एक मैत्रीण परदेशी बदलून गेली. "दोन आठवडे सांभाळ, मी सोय करते," म्हणाली आणि तिकडे जाऊन स्वतःचीच सोय करून बसली. पिंजऱ्यात राखाडी लोकरीचा गोळा होता. त्याला खारीची शेपटी आणि उंदराच्या मिशा होत्या. नाव मोमो. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या थंड, कोरड्या डोंगरांवरचा हा प्राणी, आणि त्याचा मुक्काम हैदराबादेत, तेही फेब्रुवारी संपत आलेला असताना.

जनावरांच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. मैत्रिणीने दिलेला पिंजरा कामाचा नाही. प्लॅस्टिक तो कुरतडणार, ते पोटात गेलं की संपलं. तळाला जाळी असली की पायाला जखमा होणार. पंचविशीच्या वर पारा गेला तर त्याचे हाल, आणि हवा कोरडीच हवी. त्याची लोकर इतकी दाट की ओली झाली तर आतून वाळत नाही. म्हणून तर तो आंघोळसुद्धा बारीक मातीत लोळून करतो. तयार मिळणारा चांगला पिंजरा माझ्या दोन महिन्यांच्या भाड्याच्या पुढे जात होता. उन्हाळ्याच्या आत घर झालं नाही तर हा प्राणी जगणार नाही, एवढंच मला कळत होतं. मी खाली जाऊन काकांना गळ घातली.

काका वर आले. पिंजरा ठोकला. "हे घर आहे का डबा?" मग मांडी घालून बसले आणि अर्धा तास मोमोकडे बघत राहिले. दिवसभर झोपतो, उठला की निवडक खातो, कुणी बोलायला गेलं तर पाठ फिरवून बसतो, आणि सगळं घर त्याच्या तैनातीत, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "हौ, समजलं. हा जावई आहे." त्या दिवसापासून मोमो हे नाव बंद झालं.

घर बनवायचं त्यांनी कबूल केलं. मात्र त्यांच्या मनातला आराखडा वेगळाच होता. "घर लाकडाचं करू, आणि बाजूला एक छोटा कूलर लावू. ताजा वाळा घालतो. काय लागलं मग एसी?"

"काका, कूलर नको. हवा दमट होते. त्याला सोसत नाही."

"दमट?" काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या खानदानाला नाव ठेवलं. "माझा कूलर दमट? चाळीस वर्षांत कुणी बोललं नाही. तुम्ही काय सांगायलाव? माणसं झोपली, लेकरं झोपली, ह्या उंदराला काय हिरे लागलेत?" आणि ते तरातरा जिना उतरून गेले. तीन दिवस आमचं बोलणं बंद.

चौथ्या दिवशी मी ऑफिसातून परतले तर दार उघडताच वाळ्याचा थंडगार वास आला. क्षणभर मला खरंच बरं वाटलं. मग कळलं. घराची एक किल्ली काकांकडे असायची. त्यांनी खिडकीत एक नवाकोरा छोटा कूलर बसवला होता, एसी बंद केला होता आणि जावयाला दुपारभर ओली हवा खाऊ घातली होती. जावई कोपऱ्यात गोळा होऊन पडला होता. लोकरीच्या गुठळ्या झाल्या होत्या, कान लालभडक, गवताला तोंड लावलेलं नाही. मी त्याला टॉवेलात घेऊन रिक्षा गाठली. काका मागोमाग अनवाणी आले आणि न विचारता शेजारी बसले.

डॉक्टरांनी त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. आणखी एक दिवस तसा गेला असता तर हाती लागला नसता, म्हणाले. बाहेर बाकावर काका बसले होते. त्यांनी बाक ठोकून बघितला नाही, तेव्हाच त्यांची अवस्था मी ओळखली. पण मी रागाने पेटले होते. "तुम्हाला तुमच्या कूलरपुढे काही दिसत नाही," असं मी सगळ्यांसमोर बोलले. त्यांनी मान खाली घातली. "हौ. पाहुण्याचा जीव घेत होतो मी बेटा," एवढंच म्हणाले. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली, पण ती मी दाखवली नाही.

पुढचे दोन दिवस मागच्या पडवीत ठोकाठोक चालली होती. तिसऱ्या दिवशी दोन हमालांनी मिळून एक पेटारा वर आणला. तो काकांचा सगळ्यात मोठ्या मापाचा जुना कूलर होता. टाकी काढलेली, पंप काढलेला, पंखा काढलेला. जिथे वाळा असायचा तिथे तिन्ही बाजूंना स्टीलची जाळी, माझी करंगळी जाणार नाही इतकी बारीक. तळाला सलग पत्रा आणि त्यावर ग्रॅनाइटच्या लाद्या. स्वयंपाकाचे ओटे कापून उरलेले असले तुकडे दुकानदार फेकून देतात, ते काकांनी गोळा करून, कडा घासून गुळगुळीत केले होते. दगड गार राहतो आणि त्याला दात लागत नाहीत. आत पाइनच्या कोऱ्या फळ्या जिन्यासारख्या चढत गेलेल्या, प्रत्येकीत एका वितीचं अंतर, म्हणजे पडला तरी वीतभरच पडेल. सगळे बोल्ट बाहेरून. आत कुरतडायला लाकडाखेरीज काही नाही.

भांडण झालं ते रंगावरून. काकांचा प्रत्येक कूलर पोपटी असे.

"एक हात तरी मारू द्या. बिनारंगाचं घर कसं दिसतंय? सुतकी!"

"तो रंग खाईल, काका."

"खाऊ द्या की. आपला रंग चांगला असतोय."

मी ठाम राहिले. दोन दिवसांनी बघते तर पिंजऱ्याला नाही, पण पिंजऱ्यामागच्या माझ्या भिंतीला पोपटी रंगाचा चौकोन. घरमालक तेच, मी कुणाकडे तक्रार करणार?

मग मे आला. एका दिवशी सकाळी दहाला आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. मी गच्चीबावलीला ऑफिसात मीटिंगमध्ये, फोन बंद. एक वाजता गल्लीच्या ग्रुपवरचा निरोप वाचला आणि बॅग उचलली. बाहेर पारा बेचाळीस. तीन तास एसी बंद. काकांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, नाहीच. रिक्षात बसून मी जावई मेलेला आहे असं धरूनच चालले होते. काकांना काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं.

वर पिंजरा रिकामा होता. लाद्याही नव्हत्या. मी खाली धावले. काकांच्या खोलीची दारं-खिडक्या बंद, पडद्यांवर चादरी टाकलेल्या. जमिनीवर एक जाळीची पेटी, तीत दोन ग्रॅनाइटच्या लाद्या, आणि लाद्यांच्या मागे कोरड्या फडक्यांत गुंडाळलेले बर्फाचे स्टीलचे डबे. लादीवर जावई पसरला होता. कान गुलाबी, लाल नाहीत. मला बघून त्याने पाठ फिरवली. तेव्हा मला रडू आलं.

शेजारी काका भिंतीला टेकून बसले होते. बनियन पिळून काढावं इतकं ओलं, चेहरा तांबडा. खिडकीतला त्यांचा स्वतःचा कूलर बंद होता.

"काका, इन्व्हर्टर संपला का?"

"नाही की. भरलेला आहे."

"मग कूलर का बंद?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात, जणू शेजारच्यांनी ऐकू नये म्हणून, म्हणाले, "दमट होते ना हवा."

चाळीस वर्षं दुसऱ्यांना गार ठेवणारा शहात्तर वर्षांचा हा माणूस स्वतःच्या कूलरसमोर चार तास उकडत बसला होता. चार वाजता वीज आली. मी पेटी उचलली तशी ते ओरडले, "लवकर न्या वर त्याला! मी मरायलोय इथं!" मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पोचायच्या आत खाली कूलर सुरू झालेला होता.

दुसऱ्या दिवशी ते ड्रिल घेऊन वर आले. सोबत एक पत्र्याची पट्टी, तिच्यावर त्यांच्या दुकानाचं नाव. त्यांच्या प्रत्येक कूलरवर ती असायची. पिंजऱ्याच्या कपाळावर पट्टी ठोकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "जावई किती वर्षं जगतोय?"

"नीट सांभाळला तर पंधरा-वीस."

"मंग वीस वर्षांची गॅरंटी. लिहून नाही देणार, पण आपली जबान आहे. काही ढिलं झालं तर कुणा सुताराला हात लावू देऊ नक्को. खाली यायचं, मला सांगायचं."

"काका, वीस वर्षं?"

"हौ. मी कुठं चाललोय?"

पुढच्या जानेवारीत एका सकाळी ते उठलेच नाहीत. कुणाला त्रास नाही, कुणाला निरोप नाही.

या उन्हाळ्यात एका रविवारी मधली फळी डुगडुगू लागली. जावई तिच्यावरून घसरला आणि माझ्याकडे रागाने बघू लागला. मी बोल्ट काढला, फळी काढून घेतली. वीस वर्षांची गॅरंटी आणि वर्षभरात ही तऱ्हा, म्हणून काकांना चांगलं ऐकवायचं असं ठरवत मी जिना उतरले, आणि फळी हातात घेऊन खालच्या कुलपासमोर उभी राहिले.