सहा जेवणं आणि एक घासलेलं मडकं

नाशिकहून निघताना माझ्या बॅगेत दोन शर्ट, एक टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि एक कोरी वही होती. वही बायकोने दिली होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. तेवढी वर्षं रेखा रोज संध्याकाळी विचारते, "आज काय करू?" आणि मी मोबाइलमधून मान न उचलता म्हणतो, "काहीही कर." गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तिने खरोखरच काहीही केलं नाही. ताटात लिंबाच्या लोणच्याची एक फोड वाढली आणि समोर येऊन बसली.

"कुरखेड्याला ताईंकडे चाललाच आहात," ती म्हणाली, "तर सात संध्याकाळची सात जेवणं लिहून आणा. लोक घरी रोज करतात ती. जितकी कमी भरतील, तितक्या संध्याकाळी स्वयंपाक तुमचा."

मला चहा करता येतो. तोही कुणी साखरेचा डबा दाखवून दिला तर.

रेल्वेत वर्ध्यानंतर समोर घुग्घुसच्या एक बाई येऊन बसल्या. कामाला लगेच लागावं म्हणून मी विचारलं, "बाई, तुम्ही रात्रीच्या जेवणाला काय करता?" त्यांनी पिशवी या बाजूची त्या बाजूला घेतली. मग मी वहीचं पहिलं पान दाखवलं. त्यावर रेखाच्या अक्षरात 'सात. कमी नकोत' असं लिहिलेलं होतं. ते वाचल्यावर त्या हसल्या आणि पिशवी पुन्हा या बाजूला आली.

"आमच्याइथी रात्र कोनती, ते आधी ठरवा लागते," त्या म्हणाल्या. "माह्या घरवाल्याची खदानीत शिफ्ट असते. कधी कधी तो सकाळी आठले रात्रीचं जेवते. मंग दोनदा गरम केलं तरी बिघडनार नाई, असंच करा लागते."

असं म्हणजे पोपटीचे (वालाचे) वाळवलेले दाणे. सकाळी भिजवायचे, वांग्यात शिजवायचे आणि वर भरपूर सांबार (कोथिंबीर) घालायचा. "दुसऱ्या टायमाले तर अजून चव लागते," त्या म्हणाल्या. पहिलं जेवण वहीत पडलं. चंद्रपूर यायच्या आत एक! मी स्वतःवर इतका खूश झालो की पाण्याची बाटली गाडीतच विसरून उतरलो.

चंद्रपूरला मार्चचं ऊन असं होतं की बसच्या खिडकीची दांडी रुमालाने धरावी लागली. बस मूल गाव सोडून गडचिरोलीकडे निघाली. दोन्ही बाजूंना पानगळीचा साग आणि मधूनच मोहाचं झाड, बुंध्याखालची जमीन फुलं वेचायला झाडून स्वच्छ केलेली. शेजारी गडचिरोलीचे सलीमभाई होते. आठवडी बाजारांत भांडी विकतात, मांडीवर पातेल्यांची उतरंड घेऊन बसले होते. माझा प्रश्न ऐकून ते जराही दचकले नाहीत.

"लाखोरीची दाल, दादा. कच्ची कैरी टाकायची, लसूनचा तडका द्यायचा. बस."

"रोज?"

"बाजारातून घरी जाऊन राह्यलो, अन् वास आला, का मी समजतो, आज बेगम खूश हाय."

"आणि खूश नसल्या तर?"

"तर बिना कैरीची."

मी लाखोरीचे (लाखेच्या डाळीचे) दोन्ही प्रकार लिहिले. रेखा ते एकच धरणार हे माहीत असूनही लिहिले.

संध्याकाळी कुरखेड्याला पोचलो. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन इकडे आली तेव्हा नाशिकचं बोलायची. आता फक्त मला रागावताना बोलते. तिच्या घरी भाऊजी आणि तिच्या सासूबाई. सासूबाईंना सगळी आळी नुसतं 'बाई' म्हणते. त्या रात्री ताईने गोळाभात केला. बेसनाचे तिखट गोळे भाताबरोबरच वाफवायचे आणि पानात कुस्करून वर हिंगाचं कडकडीत तेल ओतायचं. मी तीनदा भात घेतला आणि चौथ्यांदा नको म्हणताना ताट पुढे केलं. वहीत तिसरं जेवण आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आणि भाऊजी बाजारात गेले. बाई शेजारी मोहफुलं वाळत घालायला गेल्या. "तू आराम कर, कशाला हात लावू नकोस," असं ताई जाताना म्हणाली होती, तेही नाशिकच्या मराठीत. पण इतकं खाऊन नुसतं बसून राहणं माझ्या मनाला बरं वाटेना. मी भांडी घासायला घेतली. घासता घासता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं एक मडकं दिसलं. तोंडाला फडकं बांधलेलं होतं. फडकं सोडलं तर आत तळाशी पांढरट, आंबट वासाचं पाणी. या बिचाऱ्यांना वेळ मिळाला नसेल, असं मला वाटलं. मी ते पाणी लिंबाच्या आळ्यात ओतलं, मडकं राखेने आतून-बाहेरून खसाखसा घासलं आणि उन्हात उपडं घातलं. नारळाची शेंडीही मीच शोधून काढली होती. अठ्ठावीस वर्षांत एवढं लखलखीत काम माझ्या हातून झालं नव्हतं.

बाई परत आल्या. अंगणातल्या उपड्या मडक्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"हे कोनं धुतलं?"

"मीच," मी विनयाने म्हणालो.

"काऊन?"

"वास येत होता, बाई."

"तो वासच तर ठेवला होता, भाऊ."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओट्यावर बसल्या आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. ते आंबिलीचं मडकं होतं. रोज आंबील काढताना तळाशी थोडी मागे ठेवायची, तिच्यात नवं पीठ आणि पाणी घालायचं. रात्रभरात सगळं आंबतं. सकाळी शिजवलं की आंबील तयार. एका अर्थी आपलं विरजणच, फक्त ते मातीतही मुरलेलं असतं. म्हणून हे मडकं नुसतं विसळायचं, घासायचं कधीच नाही. बाईंचं मडकं नऊ वर्षं अखंड चाललं होतं. आणि उद्या पहाटे आळीतले आठ-दहा जण मोहफुलं वेचायला जंगलात जाणार होते, तुंब्यात (वाळवलेल्या भोपळ्यात) बाईंचीच आंबील घेऊन.

ताईने बाजाराची पिशवी खाली ठेवली, सगळं ऐकलं आणि माझ्या हातात पितळेचा तांब्या दिला. "जा. कुणाच्या मडक्यातलं आंबण मागून आण. दिवस बुडायच्या आत पीठ भिजायला हवं."

चार वाजता मी निघालो. बाई सोबत होत्या, म्हणजे मी पुढे आणि त्या मागून, पोलीस आरोपीला नेतात तशा. प्रत्येक दारात त्याच माझी ओळख करून देत. "हे सुनेचे भाऊ. नाशिकचे. यायनं माहं मडकं घासलं."

पहिल्या घरी सगळे हसून दमल्यावर कळलं की त्यांची आंबील ज्वारीची. बाईंची तांदळाची. "चालनार नाई," बाई म्हणाल्या. पण चुलीवर वाळवलेल्या अंबाडीची खाटी (आंबट) भाजी तांदळाच्या कण्या घालून शिजत होती. मी खिशातून वही काढली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"हे काऊन लिहून राह्यले?"

मी रेखाची अट सांगितली. बाई एवढ्या वेळात पहिल्यांदा हसल्या. "म्हंजे घरी बी तुमी असंच काम करता."

दुसऱ्या घरी आंबील संपलेली. तिथे वांग्यात सुकी मासोळी पडत होती. वाटीभर मला मिळाली, आणि तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा घरधनी म्हणाले, "मडक्यासाठी रडू नका, पाहुणे." तिसऱ्या घराला कुलूप होतं. ऊन कौलांवरून उतरत चाललं होतं आणि बाईंची चाल जलद झाली होती. उद्या दहा माणसं उपाशी जंगलात जातील आणि कारण म्हणून माझं नाव सांगितलं जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आळीच्या टोकाला सावित्री राहते, बाईंच्या पुतण्याची बायको. ती मुगवड्या (मुगाचे सांडगे) तेलात परतत होती. सगळं ऐकून तिने विस्तव ओढला, आत गेली आणि आपलं मडकं घेऊन आली. बाईंनी बोट बुडवून चाटलं. पुन्हा चाटलं.

"हे तं माह्याच मडक्याचं होय."

"तुमीच तं देल्लं, बाई," सावित्री म्हणाली. "आमी वेगळे निघालो तवा. तुमी भांडनाच्या घुश्श्यात होत्या, तरी एक तांब्या देल्ला."

बाईंनी माझ्या हातातला तांब्या घेऊन तिच्यापुढे धरला. मग सावित्रीने तांब्या काठोकाठ भरला. परतताना बाई पुढे होत्या आणि मी मागे. दिवस बुडायच्या आत घासलेल्या मडक्यात पीठ भिजलं. पहाटे आंबील जरा कमी आंबट झाली, पण तुंबे भरून गेले. निघताना बाईंनी मला एका प्लास्टिकच्या बाटलीत थोडी आंबील दिली. "वहिनीले द्या. अन् घासू नका."

आंबील आंबायची थांबत नाही, हे मला मनमाडच्या अलीकडे कळलं. बाटलीचं झाकण बंदुकीसारखं उडालं. वरच्या बर्थवरचे गृहस्थ देवाचं नाव घेत उठून बसले आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली वही न्हाऊन निघाली.

रेखाने वही गॅलरीत वाळवली आणि एकेक पान उलटलं. वाल-वांगी, लाखोरी, गोळाभात, खाटी भाजी, मासोळी, मुगवड्या. सातवं पान म्हणजे नुसता निळा डाग. तिथे आंबील लिहिली होती.

"सहा," ती म्हणाली. "रविवार तुमचा."

मी घाबरलो नाही. बाटलीत तळाशी चार चमचे आंबील उरली होती. मी ती चिनीमातीच्या बरणीत ओतली, तांदळाचं पीठ घातलं, फडकं बांधलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. रविवारी दुपारी बघतो तर बरणी खिडकीत उपडी, चकचकीत.

"वास येत होता," रेखा म्हणाली.

बाईंचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी स्वतः त्या वाक्याच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलेलो आहे. मी मुकाट्याने कपाटातून तांब्या काढला आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथे कुलकर्णी काकू एकट्या राहतात. अकरा वर्षांत मी त्यांच्याकडे फक्त सोसायटीच्या पाण्याची तक्रार घेऊन गेलो होतो. आंबील त्यांच्याकडे कुठून असणार. पण त्यांनी दार उघडलं तेव्हा आत विळीवर लाल भोपळा अर्धा चिरून झाला होता. माझ्या हातातल्या तांब्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आधी आत या, मग सांगा काय झालं."

मी ओली होऊन वाळलेली वही काढली, सातवं पान उघडलं आणि विचारलं, "काकू, फोडणीला मेथी घालता, की मोहरी?"