मालूला उचलायचं नाही

ज्याने मालू घरतला आयुष्यात कधीच उचललं नाही, असा धडधाकट पुरुष पेणमध्ये शोधून सापडायचा नाही. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून ही उचलाउचल चालू आहे. आधी वडिलांनी उचललं, मग चुलत्यांनी, मग शाळेच्या शिपायाने. पुढे चाकाची खुर्ची आली तेव्हा तिला वाटलं, सुटले. तर लोक खुर्चीसकट उचलायला लागले. मतदानाला गेली की एका चाकाला एका पक्षाचा कार्यकर्ता आणि दुसऱ्या चाकाला दुसऱ्या पक्षाचा. चार पायऱ्यांपुरती युती होते. जिते गावी चुलत बहिणीच्या लग्नात तर पोरांनी तिला भर पंगतीतून उचलून थेट स्टेजवर नेऊन ठेवलं. फोटोत नवरानवरीच्या शेजारी मालू आहे, हातात अर्धी जिलेबी आहे, आणि चेहऱ्यावर असा भाव आहे की फोटोग्राफरने तो फोटो अल्बममध्ये लावलाच नाही.

‘थांब गो, उचलतो’ हे शब्द कानावर पडले की एक्कावन्न वर्षांची मालू आतून पेटते. लोकांना वाटतं, बाई लाजली.

मालू केरूआण्णांच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे, सगळं रंगकाम उरकल्यावर, अगदी शेवटी. डोळे झाल्याशिवाय मूर्ती उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि केरूआण्णांकडे डोळे फक्त मालूच काढते. परदेशी जाणाऱ्या मूर्तींची गडबड चैत्रातच उडते. खोकी येतात, आत पेंढा भरतात, वर बाण काढतात, ‘नाजूक’ असं लिहितात आणि ट्रक बंदराकडे जातो. तिथून पुढे जहाज.

सत्तावीस वर्षं मालू हे बघत आली. यंदा एका मूर्तीची बुबुळं भरता भरता ती म्हणाली, “डोले मी काढते आनि दर्या हे बघतात.”

तिने समुद्र पाहिलाच नव्हता असं नाही. अलिबागला दोनदा गेली होती. चाकं वाळूत रुततात, म्हणून दोन्ही वेळा तो तिने रस्त्यावरून, भेळेची गाडी आणि घोडागाडी यांच्या मधल्या फटीतून पाहिला. जवळून बघायची सोय होती. उचलून न्यायला सहाजण तयार होते.

तिची भाची समीक्षा डोलवीला कंपनीत एका कंत्राटदाराकडे शिफ्टमध्ये काम करते. तिने एक दिवस मोबाइलवर क्रूझचा व्हिडिओ दाखवला. लोक नाचत होते, खात होते, पाण्यात डुंबत होते. त्यातलं काहीही मालूच्या डोळ्यात शिरलं नाही. तिने पाहिली ती लिफ्ट. मग वरच्या मजल्यावरची गुळगुळीत लाकडी जमीन, कठड्याला धरून गेलेली सरळ वाट आणि कठड्यापलीकडे नुसतं पाणी. तिने तो व्हिडिओ सात वेळा बघितला.

“याच्यात एक पन पायरी नाय,” ती म्हणाली.

ठरलं. दिवाळीनंतर काम हलकं असतं, तेव्हा आत्या-भाचीने मुंबईहून निघायचं, गोवा करून लक्षद्वीपच्या बाजूला जायचं. पाच रात्री. पैसे दोघींनी साठवले होते, त्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न एकच होता: केबिनमधल्या बाथरूमचं दार केवढं आहे? मालूची खुर्ची पंचवीस इंच रुंद. एका इंचाने कमी असलं तरी सगळा समुद्र फुकट.

पेणमधल्या सहलवाल्याच्या पाटीवर ‘ज्येष्ठ व दिव्यांगांसाठी खास सहली’ असं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं आणि त्याचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. समीक्षाने खालून हाक मारली. तो गॅलरीतून वाकला, मालूला बघितलं आणि बाह्या सरसावतच म्हणाला, “थांबा ताई, आम्ही दोघं येतो. उचलतो.”

मालूने तिची चार चाकांची स्कुटी चालू केली. “रोह्याला एक हाय म्हनतात. तळमजल्यावर.”

घडीची खुर्ची मागे बांधलेली, मध्ये समीक्षा, पुढे मालू, असं हे वऱ्हाड हायवेच्या खड्ड्यांना नावं ठेवत नागोठण्यावरून रोह्याला पोचलं. तिथल्या सहलवाल्याचं, ऋत्विकचं, दुकान खरंच रस्त्याच्या पातळीला होतं. एवढ्यासाठी मालू त्याला आशीर्वाद देणार होती. तेवढ्यात तो बोलला.

“काकींना बोट लागते का हो?” त्याने समीक्षाला विचारलं.

“काकी हितंच हायत,” मालू म्हणाली. “त्यांनाच इचार.”

“हो, हो. म्हणजे,” तो पुन्हा समीक्षाकडेच वळला, “बाथरूमला वगैरे कसं करतात त्या?”

“त्या दारातनं जातात,” मालू म्हणाली. “दार असेल तर.”

मग ऋत्विकने संगणकात बराच वेळ डोकं घातलं. एवढ्या मोठ्या जहाजात त्यांच्या बजेटमधल्या, व्हीलचेअर जाईल अशा केबिन दोनच होत्या, आणि त्या तारखेला दोन्ही गेलेल्या. साधी केबिन होती. बाथरूमचं दार एकवीस इंच आणि पुढे हातभर नाही तरी चांगला वीतभर उंबरा. “पण टेन्शन घेऊ नका. जहाजावरचा स्टाफ एक नंबर असतो. प्रेमाने उचलतात.”

मालूने ब्रेक काढला आणि खुर्ची वळवली. ऋत्विक मागून म्हणत होता, सोमवारपर्यंत साधी केबिन धरून ठेवतो. रोहा ते पेण ती समीक्षाशी एक शब्द बोलली नाही. खड्ड्यांशीही नाही.

कारखान्यात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही, आणि केरूआण्णा मनाने इतके चांगले की त्यांना गप्प बसवेना. अडुसष्ट वर्षांचा माणूस, कामगारांवर आवाज चढवला तर दुसऱ्या दिवशी वडापाव आणून देणारा. तिसऱ्या दिवशी सकाळी मालू एका मूर्तीची डावी भुवई करत होती, तेव्हा आण्णा आणि तीन कामगार मागच्या शेडमधून काहीतरी वाजतगाजत आणल्यासारखे घेऊन आले. विसर्जनाला मूर्ती ज्याच्यावर ठेवून नेतात, तसला लाकडी पाट. दोन बाजूंना बांबू, वर फोमची गादी, गादीला मखमल, कमरेला बांधायला पट्टा, आणि पाठीला सोनेरी रंगात, मुकुटाला वापरतात त्याच रंगात, ‘मालूबाय’ असं लिहिलेलं.

“मुंबईला आमी चौघं येतो,” आण्णा म्हणाले. “जहाजापातुर नेतो, हा पाट आत देतो. आतमधी त्यांची मानसं उचलतील. हिसका म्हनून बसायचा नाय. बस बघू.”

बस बघू म्हणेपर्यंत तिला बसवलेलंही होतं. पट्टा लागला, बांबू खांद्यावर गेले, आणि हातात काळ्या रंगाचा कुंचला घेऊन मालू पत्र्याच्या छपराजवळ पोचली. चौघांचे खांदे भरले की तोंडं आपोआप उघडतात. इतक्या वर्षांची सवय. एकजण म्हणाला, “गणपती बाप्पा,” आणि बाकीचे म्हणाले, “मोरया.”

“खाली ठेवा,” मालू म्हणाली.

“बघ तरी, जराबी हलत नाय.”

“आण्णा, मला दर्यात सोडायला चाललाय काय?”

सगळे हसले. मालूने खाली आल्यावर कुंचला धुतला, पुसला, रंगाच्या वाटीवर झाकण ठेवलं आणि घरी गेली. मागे बेचाळीस मूर्ती कोऱ्या डोळ्यांनी उभ्या. ट्रक गुरुवारी यायचा होता.

संध्याकाळी आण्णा तिच्या घरी आले. चहा झाला. आण्णांनी दोनदा घसा खाकरला.

“मालूबाय, राग कशाचा आला ते तरी सांग. मायेनं केलं गो.”

“म्हनून तर जास्त येतो. वाकड्यात शिरनाऱ्याला शिव्या तरी घालता येतात.”

“अगो, पाच दिसांचा तर प्रश्न. उचलतील लोक.”

“उचलतील. सकाळी संडासला कोन उचलल?”

आण्णांचा कप वाटेत थांबला.

“एकवीस इंचाचं दार हाय. खुर्ची जानार नाय. दोघं तरी लागतील. कोन दोघं, सांगा, नावं सांगा. आत येऊन बसवनार, बाहेर उभे ऱ्हानार, झालं का गो इचारनार, परत आत येनार. दिवसातनं पाच वेळा. पाच दिवस. तुमच्या बाबतीत चालल?”

आण्णांनी कप खाली ठेवला.

“आनि लांब कशाला जायचं. कारखान्यातल्या संडासला दोन पायऱ्या हायत. सत्तावीस वर्षं झाली, कारखान्यात मी पानी पीत नाय. सकाळी घरनं निघताना थांबवते, ती दुपारी घरी येऊन पिते. वैशाखात पन.”

आण्णांना इतकी वर्षं वाटत होतं की मालू दुपारी घरी जाते ती गरम भात आणि माशाचं कालवण खायला. मासळीची शौकीन, असं ते चारचौघांत कौतुकाने सांगतही असत. ते उरलेला चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या मागच्या अंगाला गवंडी आला. पायऱ्या फुटल्या, उतार झाला, दाराची चौकट उखडली. आण्णा स्वतः घमेली उचलत होते आणि कोणाकडे बघत नव्हते. मालू येऊन आपल्या जागेवर बसली आणि डोळे काढायला लागली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, कारण केलेलं नव्हतं. त्या दिवशी काढलेले डोळे जरा वेगळेच उतरले. आण्णांनी एका मूर्तीसमोर उभं राहून मान वाकडी करून पाहिलं.

“जरा रागीट नाय वाटत?”

“वाटू दे.”

“परदेशातली मानसं घाबरतील गो.”

“घाबरू दे.”

आण्णांनी मूर्ती खोक्यात ठेवली आणि वर ‘नाजूक’ असं लिहिलं.

इकडे समीक्षाने जहाज कंपनीच्या हेल्पलाइनचा पिच्छा सोडला नव्हता. कंत्राटदाराकडे काम करून तिला एक विद्या चांगली आलेली: समोरचा कंटाळेपर्यंत फोन ठेवायचा नाही. बुधवारी दुपारी तिकडची एक बिचारी मुलगी बोलून गेली की दोन केबिनपैकी एकीत व्हीलचेअरचे प्रवासी आहेत. दुसरीत मात्र तशी काही नोंद दिसत नाही, आणि ती बुक केलीय रोह्याच्या एजंटने. म्हणजे ऋत्विकनेच.

गुरुवारी ट्रक भरला आणि शुक्रवारी मालूने रजा घेतली. आण्णा म्हणाले, “मी येऊ सोबत?”

“नको. तुमी उचलाल.”

रोह्याला समीक्षा बाहेर स्कुटीपाशी थांबली; ऋत्विकने मालूला बघितलं आणि हसून सुरुवात केली. मालूने त्याला मध्येच तोडलं. “ती दुसरी केबिन कोनाला दिलीस?”

“मावशी, जुनी पार्टी आहे. त्यांना बाथरूम मोठं पाहिजे होतं. काकांचे गुडघे थोडे...”

“चालता येत नाय?”

“येतं. म्हणजे रोज सकाळी कुंडलिका नदीच्या काठाने फिरतात. पाच किलोमीटर,” असं म्हणून झाल्यावर ऋत्विकला कळलं की आपण काय म्हणालो.

मालू खुर्ची मागे घेत घेत दुकानाच्या दारात आली, मधोमध थांबली आणि दोन्ही ब्रेक लावले. दुकानाला दार एकच, तीस इंचाचं. खुर्ची पंचवीस इंच. उरलेल्या पाच इंचांतून हवा तेवढी जात होती.

“केबिन मिळंपर्यंत मी हितंच,” ती म्हणाली. “तू उचलून बाजूला कर. करून बघ.”

ऋत्विकने खुर्चीकडे पाहिलं, मालूच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि फोन उचलला.

बाजारपेठ ती. दहा मिनिटांत समोरचा भाजीवाला आला. “काय झालं ताई, अडकली काय खुर्ची? उचलू?” मालूने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग औषधाच्या दुकानातला, मग एक रिक्षावाला मदतनिसासह. तिघांनाही ऋत्विकनेच आतून हात जोडले. “नको, नको, कोणी हात लावू नका त्यांना,” तो म्हणत होता. आठ दिवसांत केवढी प्रगती.

गुडघेवाले काका आधी फोनवर खूप बोलले. त्यांना वाटलं की व्हीलचेअरच्या बाईला स्टाफ उचलेलच की. ऋत्विकने हळूच सांगितलं, काका, त्या दारात बसल्यात आणि त्यांना ऐकू येतंय. शेवटी त्याच दरात बाल्कनीवाली केबिन देऊ केल्यावर काकांच्या गुडघ्यांनी तडजोड केली. मग कंपनीला फोन, नाव बदल, आणि बाथरूमच्या दाराचा टेप लावून काढलेला फोटो मागवला. तेहतीस इंच. उंबरा नाही.

“लेखी दे,” मालू म्हणाली. “आनि त्यात एक ओळ घाल.”

“कसली?”

“लिही. प्रवासी मालती घरत यांनी स्वतः सांगितल्याशिवाय त्यांना कोणीही उचलणार नाही.”

“मावशी, असं फॉर्ममध्ये नसतं.”

“म्हनूनच घाल.”

त्याने घातलं, पाठवलं. उत्तराची वाट बघणं आलं. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. ऋत्विक खुर्चीतून उठला, बसला, पुन्हा उठला. एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला.

“मावशी, जरा बाजूला होता का? दोन मिनिटं. समोरच्या हॉटेलात जाऊन येतो.”

“कशाला?”

“जायचंय.”

मालूने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

“उत्तर येऊ दे,” ती म्हणाली.

उत्तर आलं. कंपनीने ओळ जशीच्या तशी मान्य केली होती. प्रिंट निघाली. मालूने ती दोनदा वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली, ब्रेक सोडले आणि मागे सरकली. ऋत्विक रस्ता ओलांडून असा धावला की भाजीवाल्याची कोथिंबीर सांडली.

समीक्षाला हसू आवरेना. ती स्कुटीला धरून उभी होती.

मालू हसली नाही. “दात काढू नको,” ती म्हणाली. “त्याला दीड तासच झाला.”