दोघी एकाच टोकाला

"चेंडू मी मारला, तर तिनं का पळायचं?"

पहिल्याच संध्याकाळी एकीनं हे विचारलं आणि माझी दांडी उडाली. सतरा वर्षं फौजेत काढली, पलटणीच्या संघातून खेळलो, पण हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात, शाळेच्या मैदानावर, माझ्यासमोर आठ बायका उभ्या होत्या. शेजारच्या गावातल्या बायकांनी टेनिस चेंडूच्या सामन्याचं आव्हान दिलं होतं. हातात तीन आठवडे होते आणि यांतल्या एकीनंही बॅट धरलेली नव्हती. रिटायर होऊन घरी बसलेला माणूस म्हणून शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी पांढऱ्या फक्कीच्या दोन रेघा मारल्या. म्हटलं, हे दोन्हीकडचे स्टंप म्हणजे दोन घरं आणि ही रेघ म्हणजे उंबरा. चेंडू मारला की दोघींनी घरं बदलायची. दोघी पोचल्या की एक रन. तुम्ही वाटेत असताना कुणी चेंडूनं स्टंप उडवले, तर त्या घरची बाई आउट.

"म्हंजे ती पळाली न्हाई तर मला घर रिकामं हुणार न्हाई," विचारणारी म्हणाली.

"बरोबर."

"मग असं सरळ सांगायचं की."

सहा चेंडूंची ओव्हर त्यांना लगेच समजली. चेंडू टप्पा न पडता झेलला की मारणारी आउट, हेही पटलं. पायचीत मी काढूनच टाकलं, नाहीतर तीन आठवडे त्यातच गेले असते.

या आठ जणींत माझी आई होती आणि माझी बायको होती. आई बासष्ट वर्षांची. ती खेळणार म्हटल्यावरच बाकीच्या घरांतून सुना बाहेर पडल्या, त्यामुळे तिला घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण धुणं आपटावं तशी ती चेंडू आपटायची आणि तो लांब जायचा. बायको मात्र बघून खेळायची. चेंडू कुठं गेला, कुणाच्या हातात आहे, किती वेळ आहे, हे तिला न शिकवता कळायचं.

आमच्या घरात तेव्हा आणखी एक गोष्ट चालली होती, आणि खरं सांगायचं तर माझं निम्मं लक्ष तिकडंच होतं. बायकोनं लग्नाआधी नर्सिंग केलेलं. मुलगी शाळेत जायला लागली तसा तिनं मिरजेच्या एका दवाखान्यात अर्ज केला आणि बोलावणं आलं. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर दुसरीला घेणार. सामना त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी होता. वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द आईचा, म्हणून तिनं ते पत्र आईच्या हातात दिलं. आईनं चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि कपाटात ठेवलं. "म्याच हू दे, मग बघू," एवढंच म्हणाली.

त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी तोंड उघडलं नाही. बायको रात्री माझ्याकडं बघायची आणि मी मोबाइलकडं बघायचो. दोघींचा मामला आहे, दोघी बघतील, असं मी मनाशी म्हणायचो. आईला नको आहे हे तर मला दिसतच होतं. मग उगाच कशाला मधमाश्यांच्या पोळ्यात हात घाला. भित्रा म्हणा हवं तर, मीही आता तेच म्हणतो.

सरावात एक चूक रोज व्हायची. आई चेंडू मारून बेधडक सुटायची. रन नाही हे ओळखून बायको आपल्या रेघेतच थांबायची. आई धापा टाकत तिच्यापाशी येऊन उभी राहायची आणि दोघी एकाच टोकाला. अशा वेळी नियम साधा आहे. जी आधीपासून रेघेच्या आत आहे, ते घर तिचं. नंतर आलेलीचं घर पलीकडचं, आणि तिकडचे स्टंप उडाले की ती आउट. पण सासू आली की माझी बायको तिथून बाजूला व्हायची. खुर्चीवरून उठावं तशी उठायची आणि पलीकडं पळत सुटायची. निम्म्या वाटेत आउट व्हायची. बाकीच्या सुनाही तेच करायच्या. सासू उभी आणि आपण जागा धरून, हे त्यांच्या पायांनाच मान्य नव्हतं.

नियम मी एकदा सांगितला. दुसऱ्यांदा सांगितला नाही. आईसमोर बायकोला 'तू हलू नकोस' म्हणून ठणकावणं माझ्या जिवावर आलं. खेळच आहे, जाऊ दे, असं म्हणून मी पुढचा चेंडू टाकायचो.

रविवारी दुपारी मैदान भरलं. सहा-सहा ओव्हरचा सामना, दोन्ही गावांचा एकेक अंपायर. आमच्या गावाचा मी. त्यांनी एकतीस रन केले. आमच्या पाच ओव्हर होईतो माझा शर्ट पाठीवर घामानं भिजला होता. आई आणि बायको शेवटपर्यंत टिकल्या होत्या. सकाळपासून एकमेकींशी कामाशिवाय अक्षर बोलल्या नव्हत्या आणि रन मात्र जोडीनं काढत होत्या.

शेवटचे दोन चेंडू, तीन रन हवे होते. आई मारायला, बायको माझ्या शेजारी बॉलरच्या टोकाला. बॉलरनं खालून चेंडू टाकला. आईनं तो समोर हाणला आणि "पळ" म्हणून सुटली.

बायको दोन पावलं गेली. चेंडू समोर मिडऑनला उभ्या मुलीच्या हातात गेलेला तिनं पाहिला आणि ती परत फिरली. बॅट रेघेच्या आत टेकवून उभी राहिली. आई येऊन तिच्याजवळ थांबली. आता आम्ही तिघं एका हाताच्या अंतरात होतो.

चेंडू हातात असलेली मुलगी गोंधळली. कुठल्या टोकाला फेकायचा, हे तिच्या गावाची माणसं दोन्हीकडून ओरडून सांगत होती.

"सर की," आई म्हणाली. "तू तरणी हायस, पोचशील."

बायकोचे पाय हलले. मला ते दिसले. सराव मला पाठ होता. मग तिनं बॅट आणखी घट्ट दाबली.

"न्हाई आत्या," ती सासूला म्हणाली. "आधी मी आले हाय. तुमी मागं फिरा."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यात 'न्हाई आत्या' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. आईनं तिच्याकडं पाहिलं, मग वळली आणि पळाली. तोवर मुलीनं चेंडू पलीकडं फेकला होता. कीपरनं स्टंप उडवले तेव्हा आई अर्ध्या वाटेतही नव्हती.

पलीकडचा अंपायर माझ्याकडं बोट करून म्हणाला, "दोघी तुमच्या टोकाला हुत्या. कोण आउट, तुमीच सांगा."

आई परत चालत आली. बायको तिथंच होती. आउट कोण, यात शंका नव्हती. पण तो नियम त्या गर्दीत फारसा कुणाला ठाऊक नव्हता. मी बायकोकडं बोट केलं असतं तर ती काही न बोलता चालू लागली असती. घरी कदाचित शांतता राहिली असती. आईकडं केलं तर चारचौघांत सुनेपुढं तिची मान खाली जाणार, आणि मिरजेचं पत्र कपाटातच राहणार. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. आलं हे मी लपवत नाही.

"आई," मी म्हणालो, "तू आउट."

"नीट बघून सांगतूयस न्हवं?"

"व्हय."

तिनं बॅट काखेत मारली आणि गेली. शेवटच्या चेंडूवर नव्या आलेल्या बाईचा त्रिफळा उडाला. दोन रननी हरलो.

त्यांच्या गावाचा जल्लोष चालू होता. आई शाळेच्या पायरीवर बसली होती. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो. बायकोही बॅट ठेवायला तिथंच आली होती. आता बोलणी बसणार म्हणून मी उभाच राहिलो.

"मला वाटलं तिलाच आउट देतूस," आई म्हणाली.

"का?"

"घरात देतूस की."

मी बाटली पुढं केली. आई पाणी प्यायली. मग बायकोला म्हणाली, "पत्र कपाटात वरच्या कप्प्यात हाय. उद्या घिऊन जा. पोरीचं मी बघते."

"आई, तुला तर नको होतं ना?" मी विचारलं.

"मी कवा म्हणाले? पत्र आलं तवापासनं तुझ्या तोंडाकडं बघत हुते. तू एकदा तरी म्हणालास का, आई हिला जाऊ दे म्हणून? मला वाटलं, तुझ्याच मनात न्हाई. नवऱ्याच्या मनात नसताना मी कशी धाडू?"

बायकोनं हे सगळं ऐकलं. तीन आठवडे तिनं सासूवर धरलेला राग तिच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसला. तो गेला नाही, माझ्याकडं वळला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवारी सकाळी मी गाडी काढली, तर ती म्हणाली, "नको, मी एसटीनं जाते." आई तिला स्टँडपर्यंत पोचवायला गेली. मी दारात उभा राहून दोघींना जाताना पाहिलं.