आमच्या साडूंचा वारुस

रोमन सेनापतींचा आमच्या साडूंइतका मनापासून अपमान करणारा माणूस जर्मनीत दुसरा झाला नसेल, आणि यात मी त्यांच्याशी प्रत्यक्ष लढलेल्या रानटी टोळ्याही धरल्या आहेत. टोळ्यांनी निदान समोर जाऊन मार खाल्ला. साडूंनी कोलोनमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, पायांत लोकरी मोजे आणि हातात चहाचा मग, अशा अवस्थेत एकेकाला धुळीला मिळवलं. पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेला हा माणूस. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि राहायला आम्ही एकाच गल्लीत, त्यामुळे दर रविवारी त्यांची मोहीम माझ्या डोक्यावरून जायची. कोलोन मुळात रोमनांनीच वसवलेलं. मेट्रोसाठी खड्डा खणला की एखादं रोमन खापर वर येतं, सगळ्या शहराला आनंद होतो, आणि साडूंच्या कपाळावर आठी चढते.

सीझरवर त्यांचा खास राग. "अहो, काय केलं त्यानं इथे? ऱ्हाइनवर पूल बांधला, पलीकडे गेला, चार गावं जाळली, परत आला आणि पूल मोडून टाकला. आमच्या तालुक्यात हेच काम ठेकेदार करायचे, त्यांचे कोणी पुतळे नाही उभारले." पॉम्पीनं स्वतःला 'महान' म्हणवून घेतलं, एवढ्यावरच तो बाद. अँटनी म्हणजे भर लढाईत आपलं आरमार सोडून बाईच्या जहाजामागे धावलेला गृहस्थ. कॅलिगुलानं सैन्य समुद्रकाठी नेऊन शिंपले गोळा करायला लावले, तो त्यांना त्यातल्या त्यात बरा वाटे, कारण निदान कोणी मेलं नाही. ऑगस्टसबद्दल बोलताना तर आवाज खाली यायचा: "लढाईचा दिवस उजाडला की हा आजारी. आमच्या ऑफिसात असे चौघं आहेत. त्यातला एक डायरेक्टर झालाय."

हे सगळं ज्या तोंडून ऐकायचं, त्या तोंडाचा पराक्रमही सांगायला हवा. कॉलेजात बूट चावतो म्हणून साडूंनी एनसीसी सोडलेली. खालच्या मजल्यावरची म्हातारी 'बाटली कचऱ्याच्या चुकीच्या डब्यात टाकलीत' म्हणाली की, बाटली दुसऱ्याची असली तरी हे "जा, जा, गेनाऊ", म्हणजे 'हो, हो, अगदी बरोबर', करत स्वतः उचलून आणायचे. एकदा संग्रहालयात एका सम्राटाच्या मस्तकासमोर उभं राहून त्यांनी मला त्याची सगळी नालायकी ऐकवली. तेवढ्यात रखवालदार फक्त खाकरला, तर साडू चार पावलं मागे सरले आणि त्यांनी त्याची माफी मागितली. "ह्यांना घरमालकाला हीटर दुरुस्त करा म्हणून सांगता येत नाही," ताई म्हणायच्या, "आणि हॅनिबालचं कुठे चुकलं ते सांगतात."

त्यांची मुलगी सई नऊ वर्षांची. जन्म इथलाच. मराठी सगळं कळे, उत्तर मात्र जर्मनमध्ये. २००९ साली, वारुसच्या पराभवाला दोन हजार वर्षं झाली म्हणून, तिच्या वर्गात तो धडा चालू होता. वारुस हा रोमन सुभेदार. त्याच्याच सैन्यात वाढलेल्या एका जर्मन सरदारानं त्याला जंगलात नेऊन तीन पलटणी कापून काढल्या. रविवारी जेवताना साडूंनी आपलं मत दिलं. "ज्यांचं खाल्लं त्यांचाच गळा कापला, याला काय शौर्य म्हणायचं? आणि वारुस तर पहिल्या नंबरचा गाढव."

सईनं चमचा खाली ठेवला आणि जर्मनमध्ये म्हणाली, "पण जिंकलो आम्हीच."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही. जर्मन."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. ज्यांच्याकडे अख्ख्या साम्राज्यासाठी उत्तर होतं, त्या साडूंनी वरणात बोट बुडवून पाहिलं. मग म्हणाले, "वरण गार झालंय."

पुढच्या आठवड्यात शाळेत पालकसभा झाली. मुलं जर्मन होणार, वडील मंडळींनी रोमन व्हायचं, असं नाटक ठरलं. दंतवैद्य, बेकरीवाला, सगळ्यांना शूर शिपाई व्हायचं होतं. वारुस व्हायला कोणी तयार होईना, तेव्हा साडूंनी हात वर केला. मला हे कळल्यावर मी म्हटलं, "गाढव होता ना तो?"

"होताच. पण अहो, तो बायकापोरं, गाड्या, भांडीकुंडी सगळं घेऊन निघाला होता. लढायला जाणारा माणूस एवढं सामान घेत नाही. त्याला वाटत होतं, हा मुलूख आता आपलाच झाला."

नाटकाच्या दिवशी भुरभुर पाऊस होता. ताईंची लाल ओढणी खांद्यावर घेऊन साडू शाळेच्या मैदानात उभे राहिले. झुडपांतून पुठ्ठ्याच्या कुऱ्हाडी घेऊन मुलं धावली, बाकीचे रोमन हसत हसत मेले. सई सगळ्यांच्या आधी वारुसपाशी पोचली आणि कुऱ्हाड उगारून थांबली. मुलं ओरडत होती. साडू हळूच मराठीत म्हणाले, "मार, बाळा. तुम्ही जिंकलात ना?"

तिनं कुऱ्हाड नुसती टेकवली. साडू चिखलात आडवे झाले. टाळ्या वाजल्या, बाकीचे मेलेले उठून कॉफीकडे गेले, हे मात्र उठेनात. सई त्यांच्याजवळ उकिडवी बसली. ओढणी बाजूला करून तिनं विचारलं, "बाबा, लागलं?"

मराठीत. मी जवळच उभा होतो, स्पष्ट ऐकलं.

"नाही गं," साडू म्हणाले, आणि तरी आणखी थोडा वेळ तसेच पडून राहिले.

परतताना ट्राममध्ये सई त्यांच्या चिखलानं भरलेल्या खांद्यावर झोपून गेली. लोक बघत होते, आणि आज साडूंना त्याचं काही वाटत नव्हतं. मी मुद्दाम सीझरचा विषय काढला, तो वारुससारखा सापळ्यात सापडला नसता म्हणालो. "कोण जाणे," साडू म्हणाले, "त्यालाही घरची काळजी असेल." घर येईपर्यंत त्यांनी एकाही सेनापतीला नावं ठेवली नाहीत, आणि इतकी वर्षं वैतागून ऐकलेल्या मला उगीचच चुकल्या-चुकल्यासारखं वाटत राहिलं.