वाळ्याची टोपी आणि कुमुदचा वाघ

माझी भाची यंदा मे महिन्यात ताडोबाला चालली आहे. परवा फोनवर विचारत होती, "मामा, टोपी कोणती नेऊ? फोटोत बरी दिसली पाहिजे आणि ऊनही लागायला नको." या विषयात माझ्याइतका पोळलेला माणूस नागपुरात दुसरा सापडायचा नाही. टोपीपायी माझं लग्न मोडता मोडता राहिलेलं आहे. तिला फोनवर अर्धा तास सांगूनही मन भरलं नाही, म्हणून ती सहल इथे सविस्तर लिहितो. तेव्हाचे रस्ते आता उरलेले नाहीत, दर तर विचारूच नका. ऊन मात्र तेच आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सत्तावीस वर्षांचा, एका कचेरीत कारकून. पंचविशीत मला टायफॉइड झाला होता आणि जाताना तो माझे केस घेऊन गेला. कानांच्या वर दोन्हीकडे थोडी झालर उरली होती, बाकी सगळं गुळगुळीत. आईने माझं लग्न जमवायला घेतलं ते टायफॉइडच्या आधीचा फोटो पाठवून. त्या फोटोत कपाळावर चक्क एक बट होती. मला ते कळलं तेव्हा फोटो रामदासपेठेत अण्णांच्या घरी पोचलेला होता.

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे जुने स्नेही. राहायला नागपुरात, मिरचीची आडत भिवापूरला. त्यांची मुलगी कुमुद नुकतीच एम.ए. झाली होती. तिला मी एकदाच पाहिलं होतं, एका लग्नाच्या पंगतीत, लांबून. वाढप्याच्या हातातली मठ्ठ्याची बादली नवरदेवाच्या मामांवर लवंडली आणि सगळे हळहळत असताना ही मुलगी मोठ्याने, अगदी पोट धरून हसली. तेव्हापासून माझं कचेरीत लक्ष नव्हतं. त्या दिवशी माझ्या डोक्याला फेटा होता, त्यामुळे तिने मला पाहिलं असलं तरी काही बिघडलेलं नव्हतं.

अण्णांचा निरोप आला, "पोहे खात पोरगी पाहाले येऊ नका. आम्ही जीप घेऊन ताडोब्याले चाललो, तुम्हीबी चाला. जंगलात माणूस जसा हाय तसा दिसते."

मला घाम फुटला. आई म्हणाली, "काहून घाबरतं गा? मे महिना हाय. डोक्यावर टोपी पाहून कोण काय म्हणते? दोन दिवस काढू नको म्हणजे झालं."

दोन दिवस न काढता येणारी, रुबाबदार आणि हवेशीर टोपी शोधायला मी गांधीबागेत गेलो. पहिल्यांदा घातली ती सोला हॅट. आत हवा खेळते, वजन नाही, ऊन अजिबात लागत नाही. पण आरशात पाहिलं तर मी वसुलीला निघालेला गोरा साहेब दिसत होतो. मग फेल्टची काळी हॅट. रुबाब असा की पाहत राहावं, पण पाच मिनिटांत डोक्याची भट्टी झाली. गवती हॅट हलकी आणि स्वस्त होती, फक्त वाऱ्याबरोबर जाणारी. मला तर वाऱ्याचीच सगळ्यात जास्त भीती.

दुकानदार बराच वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, तुमाले टोपी पाहिजे का छप्पर?"

"छप्पर," मी म्हणालो.

त्याने फळीवरून खाकी कापडाची हॅट काढली. रुंद काठ, उंच डोकं, हनुवटीखाली बांधायला नाडी. बावीस रुपये. घासाघीस करून मी ती वीसला घेतली. रंग जंगलात मिसळणारा, नाडीमुळे वाऱ्याची काळजी नाही. भाचीला मी सांगितलं ते हेच: रुंद काठ, मातकट रंग आणि नाडी. इथे थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण मी नागपूरचा माणूस. उन्हाळ्यात आम्ही खिडकीला वाळ्याच्या मुळांचा पडदा, म्हणजे टट्टी, लावतो, तिच्यावर पाणी मारतो आणि तिच्यातून येणाऱ्या गार सुगंधी हवेत दुपारभर पडून राहतो. मला वाटलं, जे खिडकीला चालतं ते डोक्याला का नाही? आदल्या दिवशी मी हॅटचं अस्तर उसवलं, जुन्या टट्टीतला मूठभर वाळा आत बसवला आणि पुन्हा शिवून टाकलं. वर तांब्याभर पाणी ओतलं. आरशासमोर उभा राहिलो तर टाळूला स्वर्ग. आईने वास घेतला आणि म्हणाली, "लय डोकं चालवलं गा." निघताना तिने खिशात लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून कांदाही घातला.

पहाटे पाचला निघालो. पुढे अण्णा गाडी चालवायला आणि शेजारी काकू, म्हणजे कुमुदच्या आई. मागे समोरासमोरच्या बाकांवर कुमुद आणि मी. मध्ये पाण्याची सुरई, डबे आणि गाद्यांची वळकटी. उमरेडला आलूबोंडे आणि चहा झाला. रस्ता तिथवर बरा होता. पुढे भिवापूरपर्यंत खड्डे चुकवण्यापेक्षा मोजणं सोपं. भिवापूरला अण्णांच्या आडतीवर थांबलो, तिथे पाय ठेवताच सगळे शिंकायला लागले. झुणका, भाकरी आणि तिथल्या मिरचीचा ठेचा असं जेवण होतं. ठेच्याने माझ्या डोक्यातून असा घाम सुटला की हॅटच्या काठावरून वाळ्याचं पाणी आणि घाम एकत्र होऊन झुणक्यात टपकायला लागले.

"टोपी काढा ना जी," काकू म्हणाल्या.

"डॉक्टरांनी काढू नका म्हणून सांगितलं आहे."

"सावलीतबी?"

"सावलीत तर मुळीच नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि आणखी ठेचा वाढला.

मला खरी धास्ती होती ती कुमुदची. ही मुलगी सकाळपासून डोळे बारीक करून माझ्याकडे रोखून पाहत होती. नजर नेमकी माझ्या कपाळाच्या वर, हॅटच्या काठावर. मी डावीकडे सरकलो की नजर डावीकडे, उजवीकडे सरकलो की उजवीकडे. हिला संशय आलाच आहे, फोटोतली बट शोधते आहे, असं समजून मी नाडी आणखी आवळली. चिमूर येईपर्यंत माझ्या हनुवटीखाली वळ उठला होता.

बाकी मुलगी मला आवडतच चालली होती. एवढी शिकलेली, पण गाडीतून उतरताना प्रत्येक पायरी चाचपून उतरायची. चिमूरच्या पुढे सागाची झाडं लागली तेव्हा एका खुंटाकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "सांबर पाहा किती शांत उभं हाय!" मी म्हणालो, "वा!" तिच्या हौसेवर पाणी ओतायचं माझ्या जिवावर आलं.

दुपारी बारानंतर तळ्याकाठच्या विश्रामगृहावर पोचलो. खोल्यांची परवानगी अण्णांनी आधीच काढली होती. शिधा आपण न्यायचा, खानसामा रांधून द्यायचा. जाणाऱ्यांना डाळ-तांदूळ आणि कांदे घरूनच न्यावे लागत, जवळपास दुकान नव्हतं. माझा खिशातला कांदा तिथेच भरतात गेला.

चार वाजता पाणवठ्यावरच्या मचाणावर जायचं ठरलं. काकूंना शिडी झेपेना, त्या विश्रामगृहावरच राहिल्या. जायच्या आधी मी हॅटवर दोन तांबे पाणी ओतून घेतलं. मचाणावर आम्ही चौघं: अण्णा, कुमुद, मी आणि मडावी नावाचा वनरक्षक. त्याच्या डोक्याला एक मळका पंचा गुंडाळलेला होता, बस्स. त्याने हवेत नाक वर केलं.

"अत्तर कोण लावलं जी? जनावर येत नाही अशानं."

मी हॅटचा काठ खाली ओढला. अण्णांनी काकूंच्या साबणावर ढकललं. मडावीने सांगितलं, बोलायचं नाही, हलायचं नाही, शिंकायचं नाही, दिवस मावळायच्या आत वाघीण पाण्यावर येते. दहा मिनिटांत अण्णा बसल्या बसल्या झोपले.

आता नागपुरातल्या कोणत्याही घरात विचारा, उन्हाळ्यात ओल्या टट्टीवर काय येतं? मधमाश्या येतात. तहानलेल्या, पाणी प्यायला, झुंडीने. दर वर्षी आमच्या खिडकीवर येतात, दर वर्षी आई त्यांना पदराने हाकलते. हे सगळं मला माहीत असून मी ओली टट्टी डोक्यावर घेऊन पाणवठ्यावर बसलो होतो.

पहिली आली ती काठावर फिरून गेली. मग बहुतेक तिने जाऊन सगळ्यांना सांगितलं. थोड्या वेळात माझ्या डोक्यावर गुणगुण सुरू झाली. मडावी डोळे वटारून हाताने सांगत होता, हलू नका. मी हललो नाही. हॅटला हवेसाठी बाजूने चार भोकं होती, त्यातून दोघी आत गेल्या. त्या टाळूवरून चालत असल्याचं मला एकेका पावलागणिक कळत होतं. पहिला डंख बसला तेव्हा मी ओठ चावला. दुसरा बसला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यातून मला समोर वाघीण दिसली.

डावीकडच्या बांबूतून ती सावकाश आली, पाण्याशी बसली आणि प्यायला लागली. तिच्या जिभेचा लपलप आवाज मचाणापर्यंत येत होता. मी इतकं सुंदर काही कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याच क्षणी टोपीत तिसरी मधमाशी शिरली. मी नाडी सोडली, हॅट हळूच उचलली आणि मचाणाच्या बाहेरच्या फांदीला अडकवली. माश्या तिच्याबरोबर गेल्या. मी मात्र उघडा पडलो.

कुमुदने पाहिलं असणारच, या भीतीने तिच्याकडे वळलो. ती भलतीकडेच, उजवीकडच्या एका वारुळाकडे पाहत होती. हात जोडलेले. कुजबुजली, "केवढा मोठा हाय हो!"

"तिकडे नाही. इकडे, पाण्याजवळ."

"कुठं?" तिने डोळे बारीक केले. तीच नजर, सकाळपासूनची. ती पाण्याकडे लागली, मग माझ्याकडे, मग पुन्हा पाण्याकडे. कुठेच थांबेना.

"तुम्हाला दिसत नाही?"

तिचा चेहरा रडवेला झाला. "माझा चष्मा पर्समधे हाय. आई म्हणे, लग्न जमेपर्यंत घालू नको. फोटोही बिनचष्म्याचाच पाठवला होता. मले सकाळपासून काहीच दिसून नाही राहिलं."

म्हणजे दिवसभर तिने माझी टोपी पाहिलीच नव्हती. मी दिवसभर उगाच घामाघूम झालो होतो. आणि आताही, हॅट पुन्हा हळूच चढवली असती तर तिला काही कळलं नसतं. खोटं का बोलू, तो विचार माझ्या मनात आला, आणि बराच वेळ राहिला. वाघीण पाणी पीत होती. शेजारी ही मुलगी, जिच्या हसण्यासाठी मी इथवर आलो होतो, वारुळाला नमस्कार करून घरी जाणार होती.

"चष्मा लावा," मी म्हणालो.

"तुम्ही पाहाल ना."

"माझं राहू द्या. वाघ पाहा, लवकर."

तिने पर्स उघडली, जाड काचांचा चष्मा काढला, लावला. आणि बोलणारा मी होतो म्हणून आधी माझ्याकडे पाहिलं. उन्हात चमकणारं माझं डोकं आणि त्यावर दोन लाल टेंगळं, शिंगं फुटावीत तशी. तिने तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. पंगतीतलं ते हसू बाहेर पडलं. सगळं जंगल दणाणलं. अण्णा "काय झालं, काय झालं" करत उठले, मोर ओरडले, आणि पाण्याजवळ फक्त ओल्या पावलांचे ठसे उरले.

"गेली," मडावी म्हणाला. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि आपला पंचा सोडून माझ्या हातात दिला.

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. मी हॅट फांदीवरच विसरलो होतो आणि पंचा गुंडाळून बसलो होतो. काकूंनी मुलीच्या नाकावर चष्मा पाहिला तेव्हापासून त्या कोणाशी बोलत नव्हत्या. कुमुद बाहेर पाहत होती, एकेक झाड निरखून. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. उमरेडला चहाला उतरलो तेव्हा मी अण्णांना बाजूला घेऊन सांगून टाकलं, की फोटो टायफॉइडच्या आधीचा होता, चूक आमची. अण्णा नुसतं "हं" म्हणाले आणि चहाचे पैसे द्यायला गेले. घरी आलो, आईला म्हणालो, संपलं सगळं. टेंगळांवर चुना लावून दोन दिवस पडून राहिलो. मला खरंच वाईट वाटत होतं, डोक्यापेक्षा जास्त.

पुढच्या रविवारी अण्णा दारात उभे. हातात कागदात बांधलेलं पुडकं. "मडावीनं एका ट्रकवाल्याजवळ पाठवली," एवढंच म्हणाले आणि पाणी पिऊन गेले. आत माझी हॅट. धुतलेली, अस्तर नव्याने शिवलेलं, वाळा गायब. काठात खोचलेली एक चिठ्ठी, बारीक सुबक अक्षरात:

"टोपी परत पाठवत आहे. वाळा चांगला होता, आमच्या खिडकीला लावला. तुमच्या डोक्यापायी माझा वाघ गेला, तो तुम्ही मला देणं लागता. बोलणी करायला याल तेव्हा टोपी घालू नका. मी चष्मा लावून बसेन."

गेली कित्येक वर्षं ती हॅट आमच्या दारामागच्या खुंटीवर आहे. भाचीने मागितली तर तिला देईन, नाडी तेवढी नवी बसवावी लागेल. तिने वाळा भरू नये आणि चष्मा असेल तर घालून जावं, एवढंच माझं सांगणं. आम्ही दोघं त्यानंतर कितीतरी वेळा ताडोबाला गेलो, मी उघड्या डोक्याने, ती चष्मा लावून. वाघही दिसले, कधी रस्त्यावर, कधी तळ्याकाठी, एकदा तर दोन बछड्यांसह. दर वेळी मी मोठ्या आशेने तिच्याकडे पाहतो. ती चष्मा पुसते, नीट निरखून पाहते आणि मान हलवते. "तो नव्हे," म्हणते.